कोंबड्याला सांगितलेली वाट

मोह पडायला लागला की आधी नाकाला कळतं, डोळ्यांना मागाहून. परवा पहाटे दार उघडलं आणि तो वास आत आला. गोड म्हणावा तर आंबूस, आंबूस म्हणावा तर गोड. आमच्या घरामागं, धानाच्या बांधीच्या, म्हणजे खाचराच्या, धुऱ्यावर, मोहाचं एक झाड आहे. ते कोणी लावलेलं नाही, कोणाची आठवण म्हणून जपलेलंही नाही. आपलं उगवलं, आपलं वाढलं. चैत्र आला की पानं टाकतं आणि फुलं टपटपवतं. यंदाही टपटपवली. मला वाटलं होतं, यंदा नाही पडणार. काहून वाटलं ते विचारू नका. घरचं माणूस गेलं की असं काहीबाही वाटतं.

शेवंता, माझी बायको, पुसाच्या महिन्यात गेली. भेटायला येणारे म्हणाले, भरल्या घरातून गेली, सोनं झालं. सोनं झालं म्हणे. ज्याच्या घरची जाते त्याला विचारा काय झालं ते. मी मात्र कोणाला काही म्हटलं नाही. तेव्हापासून माझं बोलणंच बसलं. हौ आणि नाही, एवढंच तोंडातून निघतं. उभा जन्म ज्या तोंडाकडं पाहून बोललो ते तोंडच समोर नाही, तर बोलू कोणत्या भिंतीशी?

मोहाच्या दिवसांत ती माझ्याआधी उठायची. झाडाखालचा पाला आदल्या सांजेला जाळून ठेवायची, म्हणजे काळ्या जमिनीवर पिवळी फुलं नीट दिसतात. वाकून वेचताना तिच्या बांगड्या टोपलीच्या काठाला लागत. तो आवाज ऐकत मी खाटेवर पडून राहायचो. फुलं वाळायला घातली की सगळं अंगण चिकट व्हायचं, चालताना पाय चपकचपक वाजायचे. यंदा पाला कोणी जाळला नाही. फुलं पाल्यातच पडली, मुंग्या लागल्या, शेजाऱ्याच्या बकऱ्यांनी खाल्ली. त्यांची मजा झाली.

घरात मुलगा आहे, सून आहे. मुलगा फटफटीनं बालाघाटला नोकरीला जातो, दिवेलागणीला येतो. सून जबलपूरची, हिंदी बोलणारी. पोर चांगली आहे. शेवंताला शेवटची पेज तिनंच भरवली. चमच्यातली पेज ओठाच्या कडेनं बाहेर आली आणि शेवंता गेली. त्यात त्या पोरीचं काय? जाणारा माणूस कोणाच्या तरी हातचा शेवटचा घास खातोच. पण परवा, मोहाचा वास आला त्याच सकाळी, ती सैपाकखोलीत नवऱ्याला हळूच सांगत होती, "बाबूजी मुझसे नाराज हैं. अम्मा मेरे हाथ से गईं ना. तब से मेरी तरफ देखते भी नहीं. पेज रखती हूँ तो थाली सरका देते हैं." मी बाहेर ओसरीवर होतो. तिला वाटलं, म्हाताऱ्याला ऐकू जात नसेल. म्हाताऱ्याला नको ते सगळं ऐकू जातं.

मी नाराज नव्हतो. पेज सरकवत होतो, कारण पेज दिसली की तो चमचा दिसायचा. एवढंच तिला सांगायचं होतं. उठून आत जायचं आणि म्हणायचं, पोरी, तसं काही नाही. पण शब्द घशापर्यंत आला आणि बसला, भरल्या गाडीचा बैल चढावावर बसतो तसा. आताच्या सुनांना सासऱ्यासमोर पदर ओढावा लागत नाही, समोरासमोर बोलता येतं. बरंच झालं ते. आमच्या घरात आता पडदा तिच्याकडून नव्हता. तो माझ्याच तोंडावर येऊन पडला होता.

ओसरीवर बसून राहिलो. वास येतच होता. आणि त्या वासासोबत तो रविवार आला, लामत्याच्या डोंगरात आम्ही वाट चुकलो होतो तो.

राज्यं वेगळी झाली, नागपूर तिकडं मुंबई राज्यात गेलं आणि आम्ही इकडं मध्य प्रदेशात राहिलो, त्याला तेव्हा थोडीच वर्षं झाली होती. मी मँगनीजच्या खदानीत कामाला होतो. हप्त्यातून रविवार तेवढा सुट्टीचा, बाकी सगळे दिवस काळी धूळ. शिंकरलं तरी काळं, थुंकलं तरी काळं. रविवारी डोंगरावर जातो म्हटल्यावर सोबतचे हसले. "अबे, हप्ताभर डोंगर फोडतं, आन सुट्टीच्या दिशी डोंगर चढतं? डोंगराची सोयरीक केली काय तुनं?"

सोयरीक खरंच होती. शेवंताचं माहेर तिकडचं, लामत्याच्या पलीकडं, जंगलाच्या काठावरचं. आणि नवस होता मोठ्या दादाचा. दादा म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ. रामपायलीकडची धानाची शेती तोच पाहायचा. बाप लवकर गेल्यामुळं घराचा बापही तोच. त्याची लेकरं जगत नव्हती. मोठ्या वयनीनं किती वेळा पाळणा बांधला आणि सोडला, ते कोणी बोलत नसे. शेवटी ही एक पोरगी जगली. बसायला लागली, दात आले. शेवंताच्या बापानं दादाला सुचवलं होतं की आमच्या डोंगरावरच्या देवाला बोला. दादा बोलला होता. पोर जगलं तर त्याचं जावळ त्याच डोंगरावर काढीन आणि लाल कोंबडा कापीन.

तर आम्ही निघालो. दादा, वयनी, तिच्या कडेवर पोरगी, मी, शेवंता आणि पाय बांधलेला लाल कोंबडा. कोंबडा शेवंताच्या हातात, कारण दुसऱ्या कोणाच्या हातात तो चोच मारायचा.

आता आमच्याकडची रीत सांगितली पाहिजे, नाही तर पुढचं कळायचं नाही. नवऱ्याचा मोठा भाऊ म्हणजे भासरा, आणि धाकट्या भावाची बायको ही त्याची भावसून. भासऱ्यासमोर तोंड उघडं ठेवायचं नाही. त्याच्याशी बोलायचं नाही. त्याच्या पुढं चालायचं नाही. लग्नाला वर्ष झालं होतं, सगळे एका घरात राहत होतो, पण दादाला शेवंताचा आवाज कसा आहे ते ठाऊक नव्हतं. त्याला वाटत असेल, लाहन्यानं मुकी बायको केली. लाहन्या म्हणजे मी.

तेव्हा छोट्या लाईनीची गाडी होती. चढावर ती इतकी हळू चालायची की लोक उतरून लघवी करून पुन्हा डब्यात चढत. कोंबडा दर टेसनावर आरवायचा. गार्डानं खिडकीतून डोकावून विचारलं, "इसका टिकट कौन लेगा?" दादा बोलला, "लेकर जा रहे, साहब. याले परत आनाचा नाई." गार्ड हसला. पदराच्या आड शेवंताही हसली असेल, पण मला तिचं हसू दिसलं नाही. मला दिसली ती कोंबड्याच्या मानेवरून फिरणारी तिची बोटं.

लामत्याला उतरून जंगलात शिरलो, आणि तो वास. जिकडं तिकडं मोह पडलेला. बायका टोपल्या घेऊन झाडांखाली वाकलेल्या, त्यांची पोरं तिथंच चिंध्यांवर निजलेली. कुसुमाच्या झाडांना नवी पालवी, लाल, इतकी लाल की लांबून वाटावं आग लागली. खदानीतल्या माझ्या नाकातली धूळ त्या वासानं धुऊन निघाली. शेवंता चालता चालता एक फूल उचलायची, चोखायची, थुंकायची. माहेरच्या जंगलात आली होती. तिची चालच बदलली. घरी ती पाय दाबून चालायची, इथं टाच टेकवून चालू लागली.

बऱ्याच वेळानं चिंधीदेव आला. चिंधीदेव म्हणजे एक जुनाट झाड. येणारा जाणारा आपल्या कपड्याची चिंधी फाडून त्याला बांधतो, म्हणजे वाट सुखाची होते. झाड रंगीत चिंध्यांनी केसाळ झालं होतं. वयनीनं पोरीच्या अंगड्याची कड फाडून बांधली. दादानं गमछ्याची दशी बांधली. पुढं वाट फुटत होती. उजवीकडं बांबूतून चढणारी पाऊलवाट, बारीक, माणसाच्या अंगाला पानं लागतील अशी. डावीकडं रुंद रस्ता, त्यात गाडीच्या चाकांच्या दोन खोल चाकोऱ्या.

दादा डावीकडं वळला.

"चाकोरी दिसते ना? चाकोरी जेथं, गाव तेथं. गावात इचारून घेऊ, पानी बी पिऊ."

आम्ही धानाच्या मुलखातली माणसं. आमच्या सपाटीवर हे खरंच आहे. बांध्यांमधून चाकोरी धरा आणि डोळे मिटून चाला, शेवटी एक विहीर, एक पिंपळ आणि चार भुंकणारे कुत्रे भेटणारच. गाडी जाते म्हणजे कोणाच्या तरी घरी जाते. दादा आयुष्यभर अशाच चाकोऱ्यांवरून चालला होता.

शेवंता झाडापाशीच थांबली. बांगड्या वाजवल्या. खोकली. मग माझा सदरा मागून ओढला. पदराआडून अगदी हळू बोलली, "अवो, थे लाकडाच्या गाड्याईची वाट हाय. जंगलवाल्याईनं झाडं कापली तेथवर जाते आन सरते. तेथं कोनी नाई राह्यत. देवाची वाट उजवी हाय."

मी हाक मारली, "दादा, हे म्हणते का वाट उजवीकडं हाय."

दादा न वळता बोलला, "हे म्हणते म्हणजे कोन म्हणते?"

मी मागं शेवंताकडं पाहिलं.

"तू म्हणत असशील तं सांग. तू आलतास काय अदुगर इथं?"

"नाई."

"मंग चाल."

दादा हेकट होता असं कोणाला वाटेल. नव्हता. तिचं बोलणं ऐकलं असं त्यानं कबूल केलं असतं, तर भावसून भासऱ्यासमोर बोलली असं झालं असतं, आणि नाव तिचं खराब झालं असतं. तो कानावर हात ठेवून तिचीच लाज राखत होता. रीत अशीच असते. सगळे एकमेकांची लाज राखतात आणि सगळे मिळून चुकीच्या वाटेनं जातात.

गेलो. ऊन चढत गेलं. दादाच्या खांद्याला जाड किरमिच कापडाची छागल होती, पाण्याची, ती हलकी होत गेली आणि मग नुसतीच लोंबू लागली. पोरगी रडत होती. शेवटी चाकोरी संपली. कशी संपली? एका मोकळ्या जागेत गाडी वळवल्याची गोल खूण होती आणि भोवती कापलेल्या झाडांचे बुंधे. सालीचे ढलपे, मजुरांच्या चुलीची विझलेली राख, एक मोडकं जू. विहीर नाही, पिंपळ नाही, कुत्रं नाही. एक पाखरूही नाही, बसायला फांदीच नव्हती.

दादा मधोमध उभा राहिला. गमछ्यानं मान पुसली. "पुढं चढू," बोलला. "चढलो का दिसन गाव."

तेव्हा मला जाणवलं की पोरगी रडायची थांबली होती.

वयनी एका बुंध्याच्या सावलीत, सावली कसली, बोटभर काळोख, तिथं बसली. "अवो, हिच्या तोंडात थुका बी नाई राह्यला," ती दादाला म्हणाली. "मले दूध उतरून नाई राह्यलं. पाह्यजा न जी, हिचे डोळे पाह्यजा." पोरीचे ओठ पांढरे पडले होते, चिखल वाळतो तसे. तोंड उघडायची, पण आवाज नाही. वयनीनं आजवर जे सोडलेले पाळणे कोणाला बोलून दाखवले नव्हते, ते सगळे त्या वेळी तिच्या तोंडावर दिसत होते. दादा चढाकडं पाहत होता. तो तिच्याकडं पाहू शकत नव्हता.

मला वाट ठाऊक नव्हती. जिला ठाऊक होती तिला बोलता येत नव्हतं.

शेवंता खाली बसली. भासरा उभा असताना बसली. कोंबडा मांडीवर घेतला, त्याच्या पायाचा दोरा सैल केला, आणि चांगल्या खणखणीत आवाजात, वर्षभर त्या घरात कोणी न ऐकलेल्या आवाजात, ती त्या कोंबड्याशी बोलू लागली.

"काऊन रे कोंबड्या, आंधळा हायेस काय तू? चाकोरी पाह्यली आन चालला. तुह्या रामपायलीची बांधी समजला काय याले? गाडी इथं झाडं न्याले आलती. झाडं नेली, गाडी गेली. आता पुढं चढतो म्हणतं? चढ. वरतं वाघ बसला हाय, तुही वाट पाहून राह्यला."

दादा पाठमोरा. हलला नाही.

"आता आयक. कान देऊन आयक, तुले देवानं कान देले नाई पन आयक. आल्या वाटेनं मागं जाऊ नको, लेकरू तेवढं टिकाचं नाई. इथून खालतं पाह्य. हिरवंगार दिसते ना, थे जांभळीचे झाडं. बाकी समदं जंगल वाळलं, थे काहून हिरवे? जांभूळ जेथं, झिरा तेथं. आमी लहान असतानी मोहाले येवो तं तेथंच पानी पेवो. ढोरं बी तेथंच येते. समजलं काय, मूर्खा?"

कोंबड्यानं मान वाकडी करून एका डोळ्यानं तिच्याकडं पाहिलं. खरं सांगतो, मूर्ख म्हटल्यावरच पाहिलं.

वारा पडलेला. मग दादानं घसा खाकरला, आणि माझ्याकडं तोंड करून म्हणाला, "लाहन्या, त्या कोंबड्याले इचार. केवढं दूर हाय म्हणा?"

मी वळलो. मला हसू येत होतं आणि रडू येत होतं, दोन्ही एकदम. "कोंबड्या, दादा इचारून राह्यले, केवढं दूर?"

शेवंता कोंबड्याला म्हणाली, "सांग त्याइले, एक बिडी वढून होईन येवढं."

"चाला मंग," दादा बोलला. आणि बाजूला झाला. वाट दिली.

त्या दिवशी आमच्या घरात पहिल्यांदा भावसून भासऱ्याच्या पुढं चालली. कोंबडा बगलेत धरून ती झरझर उतरू लागली. तिच्यामागं वयनी, मग मी पोरगी घेऊन, शेवटी दादा. उतार घसरडा, पाल्याखाली गोटे. मी मागून पाहत होतो. तिनं पदर मागं टाकला होता. भासरा मागं असल्यावर तोंड झाकायचं कोणापासून? पुढं चालल्यामुळं तिचं तोंड उघडं झालं. लग्न झाल्यापासून उजेडात, उघड्या जंगलात, कपाळावर घाम आलेलं तिचं तोंड मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं, तेही ती वळून मला "पाय जपून ठेवा, लेकरू हाय हातात" म्हणाली तेव्हा. त्यानंतर कितीतरी वेळा पाहिलं ते तोंड. सुरकुतलं, बोळकं झालं. पण शेवंता म्हटलं की मला घामानं चमकणारं तेच दिसतं.

जांभळीखाली ओली वाळू होती, पाणी नव्हतं. वयनी मटकन बसली. शेवंता म्हणाली, "थांबजा बाई." दोन्ही हातांनी वाळू उकरू लागली. दादानंही उकरायला सुरुवात केली. भासरा आणि भावसून, एकाच खड्ड्यात हात, मधे कोंबडा उभा. वाळू काळी झाली, मग चिखल झाला, मग तळाशी डोळ्याएवढं पाणी चमकलं. गढूळ. शेवंतानं ते उपसून फेकलं. वयनी ओरडली, "फेकता काहून वो!" शेवंता म्हणाली, "पह्यलं फेकतेत बाई, दुसरं प्यातेत." पुन्हा पाणी आलं. निवळ.

तिनं पदराचं टोक भिजवलं आणि पोरीच्या तोंडात पिळलं. एक थेंब ओठावरून घरंगळला. दुसरा आत गेला. तिसऱ्याला त्या पोरीनं पदर दातांत धरला, नव्या आलेल्या त्या दोन दातांत, आणि सोडेना. चोखत राहिली. आणि मग पदर काढून घेतल्यावर जी रडली, जी रडली! सगळं जंगल दणाणलं. जांभळीवरची माकडं पळाली. एवढं गोड रडणं मी पुन्हा ऐकलं नाही, माझ्या स्वतःच्या पोराचंही नाही. आम्ही सगळे हसत होतो, वेड्यासारखे. वयनी हसता हसता शेवंताच्या गळ्यात पडली. दादा एका झाडाकडं तोंड करून उभा राहिला. गमछ्यानं तोंड पुसत होता. बराच वेळ पुसलं त्यानं.

सुटलो, असं म्हणतो ना आपण? ते नुसतं मनाला कळत नाही. ते अंगाला कळतं. मी तिथंच वाळूत बसलो आणि ओल्या वाळूचा गारवा पार पाठीपर्यंत चढला. आजही कधी कोणाचा ताप उतरला, कोणाचा उशीर झालेला पोरगा घरी आला, की मला बसल्या जागी ती ओली वाळू लागते.

झिऱ्यापासून ढोरांच्या वाटेनं शेवंतानं आम्हाला देवापर्यंत नेलं. दुपार कलली होती. पुजाऱ्यानं पोरीचं जावळ काढलं, मग कोंबड्यासाठी हात पुढं केला. दादानं नारळ दिला.

"आन कोंबडा?"

"कोंबडा नाई देत."

"अरे, बोलला होता न देवाले?"

"बोललो होतो," दादा म्हणाला. "बोललो तवा थो मुका होता."

पुजाऱ्याला काय कळणार? आम्ही सांगितल्यावर तो इतका हसला की देवाच्या पायरीवर बसला. त्यानंच तोड काढली. कोंबड्याच्या तुऱ्याला बारीक टोचून एक थेंब रक्त देवाला लावलं आणि कोंबडा सोडून दिला. पण सोडला तरी तो जाईना, शेवंताच्या पायापाशीच घोटाळू लागला. परतीच्या गाडीत तोच गार्ड. कोंबडा पाहून म्हणाला, "यह तो लौट आया?" दादा म्हणाला, "साहब, हमको यही लौटाकर लाया." आणि लामत्याच्या फलाटावर घेतलेले फुटाणे त्यानं माझ्या हातात दिले. "कोंबड्याले दे." पुडा चांगला मोठा होता. कोंबड्यानं चार खाल्ले. बाकीचे शेवंतानं खाल्ले, पदराच्या आत, कुरुमकुरुम, आणि दादा खिडकीतून बाहेर पाहत राहिला.

तो कोंबडा म्हातारा होऊन मेला. पण आमच्या घरातून गेला नाही. पुढं वर्षानुवर्षं दादाला काही सांगायचं झालं की शेवंता कोंबड्याला सांगायची. "कोंबड्या, भाकर थंडी होऊन राह्यली म्हणा." "कोंबड्या, खालच्या बांधीत पानी भरलं म्हणा." दादाही माझ्या तोंडानं कोंबड्यालाच विचारायचा, यंदा कोणतं धान लावावं इथपर्यंत. पाहुणे घरात कोंबडा शोधायचे. दादा शेवटी खाटेला लागला तेव्हा शेवंताच त्याचं करायची. एके दिवशी तो सरळ तिच्याकडं पाहून म्हणाला, "बाई, आता काय लाजतेस. बोल माह्याशी." तिनं पदर सावरला, पाण्याचा गिलास त्याच्या ओठाला लावला आणि म्हणाली, "कोंबड्या, त्याइले सांग, अदुगर पानी प्या म्हणा." दादाला हसता हसता ठसका लागला. त्याची ती पोरगी आता गोंदियाला असते, स्वतः आजी झाली. शेवंताला पोचवायला आली होती. मोठ्यानं रडते, अजूनही.

ही गोष्ट शेवंतानं सुनेला किती वेळा सांगितली असेल, देव जाणे. मोह वेचताना सांगायची, भांडी घासताना सांगायची. सून हसायची, "अम्मा, फिर से सुनाओ ना, मुर्गेवाली."

परवा ओसरीवर बसून हे सगळं आठवत होतो. मुलगा फटफटी काढून गेला. सून सैपाकखोलीत होती, भांड्यांचा आवाज येत होता, पण जपून, चोरट्यासारखा. अंगणात आमची पांढरी कोंबडी फिरत होती. मोहाची फुलं धुऱ्यावरून अंगणापर्यंत उडून आली होती, त्यांत चोच मारत होती.

मी तिला म्हणालो, "काऊन वो कोंबडे."

आवाज मलाच ओळखू आला नाही. पुसापासून वापरला नव्हता. आत भांड्याचा आवाज थांबला.

"घरातलीले सांग, म्हातारा नाराज नाई. पेज सरकवतो कारन पेज पाह्यली का तुही मालकीन याद येते. शेवटचा घास तिनं या पोरीच्या हातचा खाल्ला, चांगल्या हातचा खाल्ला. हे सांग तिले. नीट सांग, तुले कान नाई तं काय झालं."

कोंबडीनं मान वाकडी केली. आत नाक ओढल्याचा आवाज आला. आणि मग जबलपूरच्या त्या पोरीचा आवाज, मोडक्यातोडक्या मराठीत, दाराआडून.

"कोंबडी, बाबूजीले बोल, पेज ठेवली हाय. गरम हाय. और अगर नाही खाल्ला तं मी पन नाही खाणार म्हणा."

मला बसल्या जागी ओली वाळू लागली.

उठलो, आत गेलो, पाटावर बसलो. तिनं थाळी ठेवली. मी तिच्याकडं पाहिलं, तिनं माझ्याकडं. पेज पोटभर प्यालो. मीठ कमी होतं.

तेही मी कोंबडीलाच सांगितलं.